कॅलेंडरच्या पाठीवर

॥ श्री कानबाई प्रसन्न ॥

चोपडा
मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

चि. रत्ना हिस अक्काचा आशीर्वाद.

नावाआधी सवयीने 'सौ.' लिहिलं आणि मग खोडलं. खोडलेलं तुला दिसेलच, पण तेवढ्यासाठी कागद बदलला नाही. कागद खताच्या दुकानातल्या जुन्या कॅलेंडरचा आहे. पाठ कोरी असते, मी ती पानं टाकत नाही, तुला ठाऊक आहे.

तुला फोन दोनदा केला. वाजतो आणि कटतो. तू कापतेस की तिकडे धुळ्यात, देवपूरला रेंज नसते, मला कळत नाही. म्हणून लिहिते.

यंदा आपण कानबाई बसवली. तीन वर्षांपूर्वी हेमराजभाऊ तुला एकटीला टाकून विसर्जनाच्या दिवशीच गेले, म्हणून मागची दोन वर्षं बसवली नव्हती. यंदा आईंनीच हट्ट धरला. "माले आखो एकदाव कानबाई देखनी शे," म्हणाल्या. सासूचं वय अठ्ठ्याहत्तर, नाही कोण म्हणणार? हे म्हणाले, बसवू.

शनिवारी कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू काढले. घरातल्या प्रत्येक गड्याच्या नावाने आई मूठ टाकतात, ते तू पाहिलंच आहेस. यांच्या नावाने टाकली. आमच्या तेजसच्या नावाने टाकली, तो पुण्याला आहे तरी. मग "हेमराज" म्हणाल्या आणि आणखी एक टाकली. मी म्हटलं, आई, अहो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मीच काही वेडंवाकडं बोलले. रोटाच्या सुपात पडलेला गहू परत काढत नाहीत. मी राहू दिला. हे मी कोणाला सांगितलं नाही. तुला सांगते.

रविवारी आरती झाली आणि आईंच्या अंगात आलं. आधी दात वाजले, मग खांदे, मग हात. पाटावर बसल्या होत्या, तो पाटसुद्धा फरशीवर खडखडायला लागला. बायका ओरडल्या, "आली, कानबाई आली!" हळदकुंकू काय, ओटी काय, पायावर पाणी काय. उभ्या जन्मात आईंच्या अंगात कधी आलं नव्हतं. मागच्या गल्लीतली सुनंदाबाई पुढे सरकली. "माय, मना पोरगानं लगीन कधी?" आई म्हणाल्या, "गोधडी आण." सगळ्या हसल्या आणि लगेच हात जोडले. सुनंदाबाई खरंच घरून गोधडी घेऊन आली. नवीकोरी. देवीपुढे ठेवली, कौल म्हणून.

मीही विचारलं. मोठ्याने नाही. पायावर डोकं ठेवलं आणि विचारलं, रत्ना येईल का. आईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "बठ्ठा उनात का? हेमराज कोठे शे? त्याले रोट वाढ."

देवी बोलली की आई बोलल्या, मला काही समजेना. अजून समजत नाही.

काल विसर्जन झालं. आज आई नुसत्या पडून आहेत. जेवण नाही. उजव्या कुशीला हात लावून असतात, पाट उचलला तेव्हा लचक भरली असेल. ताप नाही, मी दोनदा कपाळ पाहिलं. गुडघ्याची गोळी दिवसातून तीनदा चालूच आहे. खोकला आहे, पण थोडा. तंबाखूच्या मिसरीचं तांबूस थुंकतात, ते नेहमीचंच. सकाळी मला म्हणाल्या, "तू कोन शे व?" चौतीस वर्षं मी त्यांना गरम भाकरी वाढते आहे.

तेराव्याला दुधाच्या हिशेबावरून मी तुला बोलले आणि तू लेकीला, मयुरीला घेऊन धुळ्याला माहेरी निघून गेलीस. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस घर सोडतं का, हे मला तीन वर्षांत कळलेलं नाही. कळत असेल तर कळव.

तुझी
अक्का


चोपडा
गुरुवार, ७ ऑगस्ट

चि. रत्ना,

मागचं पत्र पाकिटात घालून ठेवलं आहे, टाकलं नाही. दोन्ही एकदम टाकीन. तिकीट एकच लागेल.

काल कॉर्नरच्या डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी साखर बघितली, ती बरी निघाली. बीपी जरा कमी. म्हणाले, वय झालं, अंगात पाणी कमी आहे, अशाने माणसं बरळतात. सलाईन लावलं. छातीला नळी लावली ती पुढूनच, आईंना उठवून बसवायला दोघं लागले असते आणि हे शेतात होते. मी एकटी. मी म्हटलं राहू द्या. हे मी म्हटलं, त्यांनी नाही.

संध्याकाळी यांना सांगितलं तर म्हणाले, "देवीचं वारं आहे, उतरायला चार दिवस लागतात." मलाही तसंच वाटत होतं. म्हणजे निम्मं वाटत होतं. पोथी वाचायला बसले तर एकच ओळ तीनदा वाचली. आईंनी कानबाईच्या नावाने बोलावं आणि अंथरूण ओलं करावं, या दोन गोष्टी एका माणसात कशा बसवायच्या?

आज सकाळी यशोदाबाई आली. सरकारी दवाखान्याची आपल्या वॉर्डातली आशाताई, तुला चांगली माहीत आहे. ती आली होती शेजारच्या बाळंतिणीकडे. दारातूनच म्हणाली, "अक्का, म्हातारी अशी काय झोपलीय?" आत आली. करोनातला तो बोटाचा चिमटा पिशवीतून काढून आईंच्या बोटाला लावला. अठ्ठ्याऐंशी. हे म्हणाले, "सेल उतरला असेल." तिने माझ्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव. मग हे म्हणाले, "म्हातारीचे हात गार आहेत." तिने आईंचे हात चोळून गरम केले, परत लावला. सत्त्याऐंशी.

"अक्का, तुम्ही पोटाकडे बघा," यशोदाबाई म्हणाली, "मी घड्याळाकडे बघते. वर आलं की एक. पुरा मिनिट. मध्ये बोलायचं नाही."

मी मोजलं. माणसाचं पोट असं बघत बसण्याची कधी वेळच आली नव्हती. मी चौतीसवर होते तेव्हा ती "बस" म्हणाली. परत मोजलं, छत्तीस. ती म्हणाली, "मोठ्या माणसाचा श्वास वीसच्या आत हवा. तीसच्या वर म्हणजे थांबायचं नाही. आकडा लिहून ठेवा, जळगावला डॉक्टर विचारतील." हाताशी कागद नव्हता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या चौकोनात लिहिलं, ३४, ३६. हे असं मी कुठेतरी पाहिलं आहे असं वाटलं. कुठे ते आठवेना.

यशोदाबाई जाताना म्हणाली, "हे मोजायला मी आणि रत्नाताई एकाच ट्रेनिंगला शिकलो. ती अंगणवाडीत, मी आशात. तिचा हात माझ्यापेक्षा पक्का होता."



हे म्हणाले, "रोट तीन उरलेत. पौर्णिमेच्या आत संपायला हवेत, बाहेरच्याला देता येत नाहीत आणि भाऊबंद सगळे पांगलेत. उद्या सकाळी संपवून निघू."

रत्ना, हे वाक्य ओळखलंस? तेव्हा ते माझं होतं. तू म्हणाली होतीस, "अक्का, यांचा श्वास फार भरभर चालतोय," आणि मी म्हटलं होतं, जिना चढला की सगळ्यांचाच चालतो, विसर्जन होऊ दे, मग बघू. हेमराजभाऊंचं वय बेचाळीस होतं. उभा गडी. मला काय ठाऊक?

आज मी म्हटलं, "आत्ता." यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू माझ्याच अंगात आलं आहे. रोट डब्यात भरले आणि गाडी बोलावली. घराबाहेर रोट न्यावेत की नाही, हे विचारायला कोणी मोठं शुद्धीवर नव्हतं.

गाडी आली. पुढचं तिथून लिहीन.


जळगाव
शुक्रवार, ८ ऑगस्ट

चि. रत्ना,

हे पान हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बसून लिहिते. पिशवीत दोन-चार कोरी पानं टाकली होती.

विदगावचा पूल आला, हेमराजभाऊ गेले तो, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. तू तिथे काय केलं असशील, आईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं तेव्हा मनात आलं. मागच्या वेळी गाडीत तू होतीस, मी घरी पाट धूत होते.

इथली डॉक्टर पोरगीच आहे, डॉ. प्रज्ञा. आईंना चौघांनी उठवून बसवलं आणि तिने पाठीला नळी लावली. उजवीकडे खाली बराच वेळ ऐकलं. बोटांनी ठोकून पाहिलं, आपण कलिंगड ठोकतो तसं. मग मला विचारत सुटली. थंडी वाजली होती का? मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, रविवारी अंगात आलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे काय काय झालं ते सांगा." मी सांगितलं. दात, खांदे, हात. "त्यांनी पांघरूण मागितलं का?"

गोधडी मागितली होती, रत्ना. आम्ही ती देवीपुढे ठेवली.

"ताप?" मी म्हटलं, नव्हता. गोळ्यांची पट्टी दाखवली तर म्हणाली, ही गोळी गुडघ्याबरोबर तापही दाबते. "थुंकी कशी आहे?" मी म्हटलं, मिसरीची, तांबूस. तिने विचारलं, "शेवटची मिसरी कधी लावली?"

मिसरीची डबी मी शनिवारी कानबाईच्या सोवळ्याला म्हणून फडताळात वर ठेवली. ती अजून तिथेच आहे. आईंनी मागितली नाही. मग रविवारपासून मी रोज ज्या वाटीत तांबूस बघत होते आणि राखेने घासून स्वच्छ करत होते, ते कशाचं? चार दिवस मी घासत होते. कोणी बघू नये, घाण दिसू नये म्हणून.

त्यांनी थुंकी एका डबीत घेतली, तपासायला. रक्त घेतलं. एक्स-रे काढला. प्रज्ञाने काचेच्या दिव्यावर लावून दाखवला. फुप्फुसं काळी दिसतात, मला वाटायचं काळं म्हणजे वाईट. तसं नाही. काळं म्हणजे हवा. आईंच्या उजव्या बाजूला खाली पांढरं होतं, दही लागल्यासारखं. "इथे हवा जात नाही. न्यूमोनिया आहे, जिवाणूंचा दिसतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही फार वाढल्यात. थुंकीचा रिपोर्ट येईल तेव्हा येईल, औषध आता सुरू करते."

मी म्हटलं, "पण त्या बरळत होत्या. खोकला तर थोडाच होता."

"या वयात असंच येतो, मावशी. खोकला-तापाच्या आधी डोकं बिघडतं. घरचे म्हणतात म्हातारचळ."

मग मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवेना. "म्हणजे देवी नव्हती?"

ती हसली नाही. म्हणाली, "ते मला सांगता येणार नाही. फोटोत देवी येत नाही, न्यूमोनिया येतो."

तिला आणखी एक विचारलं. म्हटलं, बेचाळीस वर्षांच्या माणसाला असं झालं, आणि रविवारऐवजी सोमवारी दुपारी आणलं, तर? कोणाबद्दल ते सांगितलं नाही. ती म्हणाली, पेशंट न बघता सांगता येत नाही. दार ढकलून आत गेली.

यांनी आणि मी तीन रोट इथेच खाल्ले. भिंतीकडे तोंड करून, कोणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून. समोरच्या बाकावरची बाई म्हणाली, "ताई, भांडण झालं का?"

आता जे लिहायचं ते लिहिते. हेमराजभाऊंचा रुमाल मीच धुतला होता. त्या रविवारी. तांबूस डाग होते, गंजल्यासारखे. मी त्यांना म्हटलं, "घरात कानबाई बसली आहे आणि तुम्ही चोरून गुटखा खाता?" ते म्हणाले, "नाही वहिनी." मला खोटं वाटलं. ते गेल्यावर भेटायला येणाऱ्यांना मी हेच सांगत होते, गुटखा होता म्हणून. तू आतल्या खोलीत होतीस. दार लोटलेलं होतं, पण लावलेलं नव्हतं.

त्यांनी कधी खाल्ला होता का, रत्ना? तू एक शब्द लिही. नाही एवढाच लिही.


जळगाव
मंगळवार, १२ ऑगस्ट

चि. रत्ना,

आई शुद्धीवर आल्या. ऑक्सिजनची नळी नाकाला आहे, पण आता कमी केली आहे. काल संध्याकाळी डोळे उघडून म्हणाल्या, "मनी मिसरीनी डबी कोठे शे?" हे मोठ्याने हसले आणि मग त्यांनी तोंड फिरवलं. मी पाठीवर हात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत कधी ठेवला नव्हता.

थुंकीचा रिपोर्ट आला. जिवाणूच निघाले. सुरू केलेलंच औषध लागू आहे, बदलायचं नाही. प्रज्ञा रोज पाठीला नळी लावते आणि मला विचारते, "मावशी, आज किती?" माझं काम तेच. सकाळ-संध्याकाळ पुरा मिनिट. शुक्रवारी अडतीस होता. आज बावीस. माळेचे मणी मोजताना माझं मन इकडेतिकडे जायचं, हे मोजताना जात नाही. याला देवधर्म म्हणावं का, माहीत नाही. इथे आल्यापासून माळ पिशवीतच आहे.

आईंना मी रविवारचं विचारलं. "आई, तुम्ही हेमराजभाऊंना रोट वाढ म्हणालात, आठवतं?" त्यांनी छताकडे पाहिलं. "हेमराज मरी गया ना व, पोरी." असं म्हणून मलाच समजावल्यासारखा माझा हात दाबला. मग म्हणाल्या, "रत्नी कोठे शे?"

मी म्हटलं, धुळ्याला.

"काब गई?"

मी घड्याळ घेतलं आणि परत त्यांचा श्वास मोजायला बसले.


चोपडा
रविवार, १७ ऑगस्ट

रत्ना,

काल घरी आलो. आई ओट्यावर उशीला टेकून बसतात. गल्ली दर्शनाला येऊन गेली. सुनंदाबाई गोधडी परत न्यायला आली, मी आईंच्या अंगावरच ठेवली. म्हटलं, कौल होता, आता ती आमची. ती हो म्हणाली. तिच्या पोराचं लग्न ठरतंय म्हणे. मी काय बोलणार?

आज सकाळी अभिमन दूधवाला आला. आम्ही जळगावला होतो त्या दिवसांचा खाडा लावायचा होता. भिंतीवरचं कॅलेंडर बघून म्हणाला, "अक्का, ७ तारीखले चौतीस लिटर? आनि आखो छत्तीस? लगीन व्हतं का घरमा?" आणि हसला.

तो हसला आणि माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. हे हसणं मी ऐकलेलं होतं. याच दारात. तेराव्याला.

तो गेल्यावर कपाटाखालचा जुन्या पानांचा गठ्ठा काढला. ऑगस्ट २०२२. त्या महिन्याचं पान मी पत्राला घेतलं नव्हतं, का घेतलं नव्हतं कोण जाणे. दुधाचे चौकोन. रोज माझ्या अक्षरात दोन, दोन, दोन. आणि शुक्रवार ५ तारखेच्या कोपऱ्यात तुझ्या बारीक अक्षरात २८. शनिवारी ३२. रविवारी ३६. सोमवारी ४०. त्यापुढे काही नाही.

तेव्हा पाहुण्यांनी घर भरलेलं होतं, तू तेरा दिवसांची विधवा होतीस, आणि मी अभिमनसमोर तुला मोठ्याने विचारलं, "रत्ना, माझ्या दुधाच्या चौकोनांत हे काय गिरवून ठेवलंस? चाळीस लिटर दूध कोण प्यालं?" अभिमन हसला. एक-दोन बायकाही हसल्या. तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, उलटून बोलशील. तू आत गेलीस आणि मयुरीची बॅग भरायला घेतलीस.

मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आले, धाकटीला दुधाचा हिशेब विचारला तर राग आला.

तू मोजत होतीस. चार दिवस मोजत होतीस आणि जिथे माझी नजर रोज सकाळी पडते, तिथेच लिहीत होतीस. तोंडाने सांगितलेलं मी उडवून लावलं म्हणून लिहीत होतीस. आणि मी ते दूध म्हणून वाचलं. लिटर म्हणून वाचलं. चाळीस आकड्याला मला दूधच आठवलं.

मला माफ कर असं लिहिणार होते. ते लिहिलं की हे प्रकरण मिटलं असं मलाच वाटायला लागेल, म्हणून लिहीत नाही. देवीसमोर बसले तर तिला काय सांगू तेही सुचत नाही. कानबाई आली होती की ताप चढला होता, मला अजून सांगता येत नाही. आली असेल तर तिने हेमराजभाऊंना रोट वाढायला का सांगितलं, आणि नसेल आली तर ती मूठ सुपात कशी पडली? डोक्यात नुसता गुंता आहे. एवढं मात्र सुटं झालं आहे की तू दुधावरून गेली नव्हतीस.

आज संध्याकाळी आई, हे आणि मी बसलो असताना मी दोघांना सांगितलं. गुटख्याचंही सांगितलं. हे उठून ओट्यावर गेले. आई म्हणाल्या, "तिले लिख. बठ्ठं लिख." अभिमनला उद्या सांगणार आहे. भेटायला आलेल्या ज्या-ज्या बायकांना गुटख्याचं सांगितलं, त्यांची नावं आठवून काढते आहे. आतापर्यंत अकरा आठवल्या. त्यांच्याकडे मला जावं लागेल.

तू ये असं म्हणत नाही. आईंचा श्वास आता अठरा आहे, तुला कळावं म्हणून लिहिते. पाचही पत्रं एका पाकिटात घातली आहेत, तारखेप्रमाणे.

हे शेवटचं पत्र मी त्याच पानाच्या पाठीवर लिहिलं आहे. उलटून बघ, तुझंच अक्षर आहे. ते माझ्या गठ्ठ्यात राहण्यासारखं नाही. पान मोठं होतं, पाकिटात बसेना, म्हणून वरचा खताच्या दुकानाचा भाग पट्टी लावून फाडला. चौकोनांना धक्का लावलेला नाही.

अक्का